मीटरवरचे लाईट आणि वंदनाताईंचं लायसन

आमच्या दुकानात स्क्रू हरवतात, टेस्टर हरवतो, चहावाल्याचे ग्लास तर रोज हरवतात. पण किस्सा एकही हरवत नाही! रोज एखादी गाडी येते, तिचा एखादा लाईट लागत नसतो, आणि तो लागेपर्यंत एक नवीन गोष्ट तयार झालेली असते. घरी जाऊन सांगतो तर बायको विचारते, "तुम्ही काम करता का नाटक पाहता?" दोन्ही एकाच तिकिटात!

दुकान वर्ध्यात, आर्वी नाक्यापासून जरा पुढे. ऑटो इलेक्ट्रिकचं. आम्ही तिघं. मी विनायक. वायरिंग बघतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. दिलीप माझा पार्टनर. माणूस सोन्यासारखा, हात चपळ, पण तोंड हाताच्याही पुढे. गाडी दुकानासमोर थांबायच्या आधीच हा ओरडतो, "शॉर्ट आहे!" बॉनेट उघडलेलं नसतं, काय बिघडलं ते कोणी सांगितलेलं नसतं. कधी कधी तर तो माणूस नुसता पत्ता विचारायला थांबलेला असतो!

आणि तिसऱ्या वंदनाताई. स्टिअरिंगच्या मागे तो काट्यांचा आणि दिव्यांचा डबा असतो ना, तुम्ही त्याला डॅशबोर्ड म्हणा, आमच्याकडे त्याचं नाव मीटर. ते उघडायचं असेल तर ताईंच्या टेबलावर जातं. ताई पूर्वी घरी टीव्ही दुरुस्त करायच्या. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, हातात सोल्डरिंगची कांडी, आणि बोलणं असं की दिलीपसारखा माणूसही गप्प होतो.

ताईंची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण वर्षभर दुकानात तोच विषय होता. त्यांची मुलगी स्वाती वडनेरला दिलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण पोरीला आधीच कळा सुरू झाल्या. निरोप येताच ताई निघाल्या आणि त्यांची बस वायगावच्या पुढे बंद पडली. दुसरी बस भरून आली, थांबलीच नाही. ताई पोचल्या तेव्हा नातू दुपट्यात गुंडाळून झोपलेला होता. स्वाती आत 'आई, आई' करत होती आणि आई रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभी! ते ताईंना फार लागलं. 

आता स्वातीला पुन्हा दिवस गेले होते. या वेळी माहेरी यायला ती तयार नव्हती, पहिल्याची शाळा होती. एके सकाळी ताईंनी टेबलावरून मान वर न करता जाहीर केलं, "या खेपेले मी बसची वाट पाह्यणार नाई. मी सोता गाडी चालवत जाईन!"

ताईंनी जिल्ह्यातल्या अर्ध्या गाड्यांची मीटरं उघडली होती. पण गाडी चालवणं? क्लच कोणत्या पायाखाली असतो ते त्यांनी त्याच दिवशी विचारलं!

*

पुलगावकडचे एक शिक्षक, अतिशय सज्जन गृहस्थ, गाडी ओढून घेऊन आले. सोबत मॅडम. इंजिन तापून पार वाफ निघालेली. सर संतापलेले.

"अहो, गाडी गरम झाली तर लाल लाईट लागायला पाहिजे की नाही? लागलाच नाही! लागला असता तर मी थांबलो नसतो का?"

"शॉर्ट आहे!" दिलीप.

मी चावी लावली. चावी लावल्यावर क्षणभर सगळे लाईट लागतात, मग एकेक विझतात. ही दिव्यांची हजेरी. त्यात जो हजर नसतो, तो आजारी. सगळे हजर झाले, फक्त तापमानाचा लाईट नाही. मीटर काढून ताईंकडे दिलं. ताईंनी चष्मा खाली घेतला, काचेवरून बोट फिरवलं आणि नखानं काहीतरी उचलून सरांसमोर धरलं.

टिकली! चांगली मोठी, मरून रंगाची!

"हे कोणी लावलं?" सर ओरडले.

"मी लावली," मॅडम म्हणाल्या. "तो लाईट मधातच लागे न विझे. गाडीत बसलं का माह्याकडंच पाह्यते असं वाटे. मंग झाकला."

"अगं, पण मला सांगायचं तरी!"

मॅडमनी पदर सारखा केला. "उन्हाळ्यापासून लावून आहे. तुमच्या नाकासमोर आहे. तुम्हाले दिसली नाई. माही तरी कुठची टिकली दिसते तुम्हाले!"



*

दसरा झाला की दुसऱ्या दिवसापासून आमचा सीझन. नवी-जुनी, चालती-बंद, सगळ्या गाड्यांची पूजा झालेली असते. हार, हळद, कुंकू आणि नारळ! नारळ चाकापाशी फोडला तर ठीक. पण काही भक्तांचं तेवढ्यावर समाधान होत नाही.

एक टेम्पोवाले भाऊ आले. टेम्पो बंद केलेला, चावी खिशात, आणि मीटरवरचे सगळे लाईट लागलेले! डावीकडे जायचं, उजवीकडे जायचं, हेडलाईट, ब्रेक, सगळं एकाच वेळी. काटा सत्तरवर. टेम्पो जागेवर!

"दिवाळीच सुरू झाली हो!" भाऊ म्हणाले.

ताईंनी मीटर उघडलं आणि खुर्ची मागे सरकवली. आत मुंग्यांची रांग! नारळाचं पाणी आत गेलेलं, त्यावर हळदकुंकवाचा चिखल, आणि काट्याच्या खाली अडकलेला पेढ्याचा तुकडा.

"हा पेढा काऊन आहे आतमधी?"

"नैवेद्य दाखवला होता ताई. मीटरवर ठेवला होता. आत गेला असन."

"भाऊ, देवाले नैवेद्य दाखवा. मीटरले पाजू नका!"

ताईंनी दुपारभर बसून तो सगळा चिखल ब्रशनं साफ केला, जळलेले टाके पुन्हा मारले. लाईट शहाण्यासारखे लागायला लागले. भाऊ फार ओशाळले. पुन्हा अशी चूक होणार नाही म्हणून कान धरून गेले. आम्हाला वाटलं, चला, एक माणूस सुधारला.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ दुकानात हजर!

"काय झालं? लाईट गेले का?"

"नाई, नाई, एकदम मस्त आहेत! तुम्ही फक्त मीटर काढून घ्या. उद्या पूजा झाली का लावून देजा!"

*

पवनारचे एक ऑफिसातले बाबू आहेत. त्यांनी नवी गाडी घेतली, जिथं हात ठेवावा तिथं बटण असलेली. महिन्याभरात तक्रार: भर दुपारी हेडलाईट आपोआप लागतात आणि मीटर एवढं मंद होतं की आकडे दिसत नाहीत. रात्री मात्र सगळं ठीक!

"शॉर्ट आहे! शंभर टक्के!" दिलीपनं घोषणा केली आणि स्टिअरिंगच्या खाली घुसला. त्याचे फक्त पाय बाहेर. वायरी तपासल्या, स्विच तपासला, रिले तपासले. ताई दारातून पाहत होत्या. मी बाबूंना दुसरा चहा पाजला.

शेवटी मीच काचेतून आत पाहत उभा राहिलो. काचेखाली मधोमध गणपतीची सुरेख मूर्ती, खाली मखमली आसन, आसनाला झालर. अशा गाड्यांत काचेखाली एक छोटं काळं गोल बोंड असतं. तो उजेड ओळखणारा सेन्सर. म्हटलं, ते बोंड दिसत कसं नाही? तर ते आसनाखाली!

मी बाबूंना समजावलं. "साहेब, त्या सेन्सरवर आसन आहे. त्यामुळे गाडीला वाटतं, रात्र झाली."

बाबू गंभीर झाले. "म्हणजे देव बसला आहे, आन गाडीले अंधार दिसून राह्यला?"

दिलीप पाय हलवत बाहेर आला. मूर्ती चार बोटं सरकवायची, एवढंच काम. पण सरकवणार कोण? बाबू म्हणाले, स्थापना केलेली आहे, अशी हलवता येत नाही. दिलीप म्हणाला, मी आंघोळ करून आलो आहे. बाबूंनी घरी फोन लावला. घरून भटजींना फोन गेला. तिकडून निरोप आला: नमस्कार करून हलवा, एक नारळ फोडा, काही दोष नाही.

बाबूंनी भक्तिभावानं मूर्ती सरकवली. त्याच क्षणी हेडलाईट विझले आणि मीटर लख्ख उजळलं! दुकानात जमलेल्या सगळ्यांनी "मोरया!" केलं. बाबू नारळ घेऊन गाडीकडे वळले आणि ताई आतून किंचाळल्या, "बाहेर फोडा! नारळ बाहेर फोडा!"

*

एक शेतकरी काका आष्टीकडून आले. चांगली कमाई असलेला, संत्र्याच्या बागेचा माणूस. एवढ्या लांबून यायचं कारण काय, तर रात्री मीटर दिसत नाही, आणि त्यांच्या साळ्यानं आमचं नाव सांगितलेलं.

मी आत बसलो. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक असतं, मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं. घरातल्या कोण्या पोरानं खेळता खेळता शून्यावर नेलं होतं. मी अंगठ्यानं फिरवलं. लाईट आला. काम संपलं!

काकांचा चेहरा पडला.

"झालं?"

"झालं काका."

"बस्स? येवढंच?"

"येवढंच. काही द्यायचं नाही. चहा घ्या आन जा."

काका गाडीतून उतरले नाहीत. बराच वेळ ते चाक बघत बसले. मग म्हणाले, "भाऊ, मी आष्टीवरून आलो. घरी काय सांगू? चाक फिरवलं म्हणून? कायतरी खोला तरी!"

"खोलून काय करू काका? बिघडलंच नाही."

"नाई, पण आतमधून पाह्यलं म्हणजे माहं समाधान होईन."

दिलीपला एवढंच पाहिजे होतं. त्यानं मीटर काढलं, ताईंनी फडक्यानं पुसलं, फुंकर मारली, "कायी नाई, चांगलं आहे" असं डॉक्टरसारखं सांगितलं आणि दिलीपनं परत लावलं. काका प्रत्येक स्क्रूकडे लक्ष देऊन पाहत होते. जाताना आम्हा तिघांचे हात हातात घेतले.

दोन दिवसांनी फोन. "भाऊ, लय मस्त लागून राह्यलं मीटर! आन एक सांगू? खोलल्यापासून गाडीचं ॲव्हरेजही वाढलं!"

*

फोनवर गाडीचा आजार ओळखणं ही आमची खास विद्या आहे. कारण मीटरवरच्या चित्रांना कंपनीनं काहीही नाव दिलेलं असो, आमच्या जिल्ह्यात त्यांची नावं वेगळी आहेत. ऑईलचा लाईट म्हणजे कमंडलू. इंजिनचा म्हणजे कोंबडी. डिझेल गाडी थंडीत सुरू करताना लागते ती जिलेबी. परवा पुण्याहून आलेला एक तरुण फार शुद्ध भाषेत काहीतरी इंग्रजी अक्षरं सांगत होता. दिलीपनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे भाऊ, पण कोंबडी का कमंडलू?"

तर एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. दिलीपनं स्पीकरवर टाकला.

"दिलीप का? अरे, माझ्या गाडीत ते कमंडलू लागलं रे. लाल. त्याच्यातून थेंब पडून राह्यला."

दिलीप उभाच राहिला! कमंडलू लाल म्हणजे इंजिनला ऑईल मिळत नाही. एक मिनिटही गाडी चालवायची नाही. "बाई, आधी गाडी थांबवा! जिथं आहात तिथं थांबवा!"

"थांबवली."

"चावी बंद करा!"

"बंद आहे."

"बिलकुल सुरू करू नका! मी येतो! तुम्ही कुठं आहात?"

"घरी. भाजी निवडून राह्यली."

"आन गाडी?"

"गाडी परवाच थांबली बाबा. इंजिन गेलं म्हणते गॅरेजवाला. घेऊन गेला तो. मी फक्त इचारून राह्यली, ते चित्र कशाचं होतं?"

*

या सगळ्या धामधुमीत ताईंचं ड्रायव्हिंग सुरू झालं होतं. त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. का? तर तिचं मीटर त्यांनीच पूर्वी दोनदा उघडलं होतं, म्हणून तिच्यावर विश्वास! ताईंचे यजमान, आमचे भाऊजी, निवृत्त क्लार्क. स्वभावानं इतके सावध की उभ्या गाडीतही वरची दांडी धरून बसतात. त्यांचं एकच म्हणणं, "अहो, बस आहे न!"

शिकवायचं काम दिलीपकडे. संध्याकाळी दुकान आटोपून दोघं मैदानावर जायचे. पहिल्याच दिवशी दिलीप पांढरा पडून परत आला.

"विनूभाऊ, ताई समोर पाह्यतच नाईत! सगळं ध्यान मीटरमधी!"

आणि खरंच तसं होतं. ताईंची इतकी वर्षं त्या काट्या-दिव्यांत गेलेली. गाडी सुरू झाली की त्यांची नजर आपोआप खाली. हॅंडब्रेकचा लाईट विझला का? बॅटरीचा विझला का? काटा थरथरतो का? मैदानावर क्रिकेट सुरू असायचं, गुरं असायची. ताई शांतपणे मीटर वाचत त्यांच्यामधून पुढे!

एकदा मीही मागे बसलो होतो. समोर बकरी. अगदी समोर!

"ताई, बकरी!" दिलीप.

ताईंनी मीटरवर नजर फिरवली. "कुठं?"

"ताई, बकरीचा लाईट मीटरवर येत नाई! समोर पाहा, समोर!"

बकरी वाचली. स्वतःच्या हुशारीनं वाचली.

मग लायसनची परीक्षा. ताईंनी नवी साडी नेसली. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, बाजूला परीक्षा घेणारे साहेब, आम्ही कुंपणाबाहेर. काय सांगू तुम्हाला! आठचा आकडा असा सुरेख काढला, चढावर गाडी अशी थोपवली की दिलीपनं शिट्टी मारली. शेवटी साहेबांनी गाडी थांबवली.

"ताई, हात तुमचा चांगला आहे. पण तुम्ही रस्त्याकडं एकदाही पाहिलं नाही."

"साहेब, तुमच्या या गाडीत बॅटरीचा लाईट मिणमिणून राह्यला. चार्जिंगचा पट्टा ढिला असन."

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं बॉनेट उघडलं. पट्टा ढिलाच निघाला! पण ताईंचं लायसन काही निघालं नाही. परत येताना त्या दिलीपच्या मागे मोटरसायकलवर बसल्या. दुकानात आल्यावर टेबलापाशी बसून एकदम रडायलाच लागल्या. "स्वाती पुन्हा एकटीच राह्यते बापा," म्हणाल्या. दिलीपनं आयुष्यात पहिल्यांदा शॉर्ट आहे म्हटलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र पास! मान अशी ताठ, जणू गळ्याला डॉक्टरनं पट्टा लावला आहे. हनुवटी वर, नजर समोरच्या झाडावर. गाडीतून उतरल्यावर दिलीपनं विचारलं, "ताई, मीटर कसं होतं?"

"मीटर?" ताई म्हणाल्या. "मी पाह्यलंच नाई!"

दुकानात असा जल्लोष केला आम्ही! पेढे वाटले, सगळी उघडी मीटरं आधी कपाटात ठेवून. पण दुसऱ्याच दिवशी ताई भाऊजींना बाजूला बसवून नागपूर रोडला गाडी घेऊन निघाल्या आणि नजर पुन्हा खाली! परीक्षेच्या मैदानावर एक झाड होतं, रस्त्यावर कुठं कुठं पाहायचं? एका ट्रकवाल्यानं असा हॉर्न मारला की भाऊजींनी जाहीर केलं, "लायसन भेटलं, अभिनंदन. आता बसनं जाऊ."

ताईंचं जेवण कमी झालं. स्वातीचे दिवस भरत आले होते.

*

आणि मग तो फोन आला.

भरदुपार. दुकानात गाड्यांची गर्दी. ताई एका मीटरवर टाका मारत होत्या. जावयाचा फोन: स्वातीला कळा सुरू झाल्या, वडनेरहून हिंगणघाटच्या दवाखान्यात आणलं आहे.

ताईंनी कांडी बंद केली, हात धुतले आणि बाहेर चालू लागल्या. गाडीत बसून दार लावून घेतलं. दिलीप ओरडला, "ताई, थांबा! मी चालवतो!"

"तू बस बाजूले!" ताई आतून म्हणाल्या. गाडी सुरूसुद्धा झालेली! आम्ही गिऱ्हाइकांना हात जोडले, शटर ओढलं आणि धावत जाऊन बसलो. दिलीप पुढे, मी मागे. दिलीपनं आधी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी बसनं येतो." मग जावयाला फोन, मग आपल्या आईला फोन. तोपर्यंत गाव मागे पडलं. फोन ठेवून दिलीपनं सवयीनं मीटरकडे पाहिलं आणि किंचाळला.

"ताई! मीटर मेलं!"

मी पुढे वाकलो. खरंच! सगळं काळं! एक लाईट नाही, एक काटा नाही. वेग शून्य, डिझेल शून्य, आणि गाडी झकास पळते आहे!

"थांबवा! शॉर्ट आहे! पाच मिनिटांत पाह्यतो!"

"नाई थांबत."

"ताई, ऑईल कळन नाई, गरम झाली तर कळन नाई..."

"नाई थांबत म्हटलं नं!"

दिलीपनं हळूच स्टिअरिंगखाली हात घातला. तिथं फ्यूजचा डबा असतो. ताईंनी डाव्या हातानं त्याच्या हातावर अशी चापट मारली की आवाज मागच्या सीटपर्यंत आला. "दूर बस! मले गाडी चालवू दे!"

आता आमची अवस्था काय झाली असेल, सांगा! जिल्ह्यात मीटर दुरुस्त करणारी तीन माणसं एका गाडीत, मीटर मेलेलं, आणि हात लावायची सोय नाही! दिलीप घामाघूम. मी नाक खिडकीबाहेर काढून इंजिनचा वास घेतोय. वायगाव आलं. मी ताईंकडे पाहिलं, आणि पाहतच राहिलो.

ताई समोर पाहत होत्या. फक्त समोर! बैलगाडी आली, ताईंनी वेग कमी केला. ट्रॅक्टर आला, वाट दिली. म्हैस रस्त्यावर यायच्या आधीच त्यांनी ओळखली. कडेला एक बस उभी होती, प्रवासी खाली उतरून हात दाखवत होते. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट केले आणि गाडी पुढे काढली. एकदाही नजर खाली गेली नाही. मला भीती वाटायचीच बंद झाली. खरं सांगतो, ऊर भरून आला!

हिंगणघाट. दवाखाना. गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली नीट उभी केली, हॅंडब्रेक ओढला, चावी माझ्या हातात टाकली आणि ताई पळाल्या! चपला पायरीवरच राहिल्या. दारात जावई उभा. "आई, वेळेवर आल्या! अजून व्हायचं आहे!"

आम्ही दोघं मागे. आता तरी गाडी आमची! मी चावी लावली. काहीच नाही. दिलीप डोकं खाली करून स्टिअरिंगखाली घुसला, फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं.

"काय रे? उडाला का फ्यूज?"

"उडाला नाई, विनूभाऊ," आतून आवाज आला. "फ्यूजच नाई! मीटरची जागा रिकामी!"

"पडला असेल."

"तो पडत नाई हो, चिमट्यानं उपसा लागते!"

आम्ही पायाखालची चटई उचलली, सीटखाली हात घातले, दाराच्या कप्प्यात शोधलं. दिलीप म्हणायला लागला की कोणीतरी चोरला, आणि कोणी चोरला याचा अंदाजही सांगायला लागला. तेवढ्यात पायऱ्यांवरून ताईंचा आवाज आला.

"पोरगी झाली! पोरगी झाली रे! स्वातीनं माहा हात धरून ठेवला होता, सोडला नाई! पोरीले नर्सनं आधी माह्या हातात देल्लं!"

त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिलीपनं तर तिथंच अंगणात नाचायला सुरुवात केली. मीही नाचलो असेन, आता आठवत नाही. मग दिलीपला एकदम गाडी आठवली.

"ताई, पण मीटरचा फ्यूजच नाई! गायब आहे!"

ताईंनी डोळे पुसले. कमरेला खोचलेला पदर ओढून काढला. त्याच्या टोकाला गाठ होती. ती दातांनी सोडली आणि आतला छोटासा लाल फ्यूज दिलीपच्या तळहातावर ठेवला.

"घे बाबा, लाव आता," त्या म्हणाल्या. "आता पाह्यतो मी त्याच्याकडं. मनसोक्त!"